पेन्सिलींचं गाऱ्हाणं

महादू गावकराने गाऱ्हाणं घातलं तेव्हा आमच्या मांगरात, गवत ठेवायच्या खोपीत, जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हटलं. मी म्हटलं नाही.

पहिल्या दोन वेळा म्हटलं होतं. मशीन नुकतंच बसवलं होतं, त्याच्यापुढे पाट मांडून नारळ आणि विडा ठेवला होता, आणि महादू डोळे मिटून हात जोडून देवीला बजावत होता. आमच्याकडे देवाशी मिळमिळीत बोलायची पद्धत नाही. काय हवं ते मोठ्याने, चारचौघांत सांगायचं आणि चारचौघांनी त्याला होकार भरायचा, म्हणजे देवालाही मागे फिरता येत नाही.

“बा देवी भगवती,” महादू म्हणाला, “आज तुझ्या ह्या लेकरान, भिकाजीन, धामापुरात पेन्सिलीचो कारखानो घातलो आसा. तेका येश दी.”

“व्हय महाराजा.”

“कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती उलटी फिरव.”

“व्हय महाराजा.”

“आणि मुंबयच्या विनीताबायच्या हाताक जो गुण होतो, तो ह्या घरातल्या हातांक येवंदे.”

“व्हय महाराजा,” सगळे म्हणाले. शेजारची सारिका तर माझ्या कानाशी ओरडलीच. तिला काय माहीत विनीताबाय कोण. महादूलाही माहीत नव्हतं. ते वाक्य आमच्या ह्यांनी त्याच्या कानात सकाळी घातलं होतं, हे मला ह्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं. आणि ह्या घरातले हात म्हणजे कोणाचे? पोरगा प्रीतम पुण्याला. घरात हात माझेच. म्हणजे माझ्या हातांना गुण नाही, तो मुंबईहून मागवायचा, आणि तोही माझ्याच खळ्यातला नारळ फोडून. माझे ओठ उघडले नाहीत. देवीने बघितलं असेल तर बघू दे.

विनीताबाईचं नाव आमच्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून आहे म्हटलं तरी चालेल. आमचे हे मुंबईला पेन्सिलीच्या कारखान्यात होते. गणपतीला आणि मे महिन्यात यायचे, बाकी वर्षभर मी इथे. सासू-सासऱ्यांचं मी केलं, भात मी लावलं, माडांना पाणी मी घातलं, प्रीतमला दहावीला मी बसवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, इथल्या अर्ध्या बायकांचा संसार असाच झाला. पण बाकीच्यांचे नवरे गावी येताना फरसाण आणायचे आणि गप्प बसायचे. आमचे हे यायचे ते विनीताबाईचं नाव तोंडात घेऊन.

ती कारखान्यात पेन्सिली तपासायला होती. शेवटच्या टेबलावर काच ठेवलेली असायची, त्या काचेवर ती पेन्सिल लोटून द्यायची. सरळ असेल तर पेन्सिल गप घरंगळत जाते, वाकडी असेल तर टकटकते. मग टोक काढून बघायची, आतली काळी काडी लाकडाच्या मधोमध आहे की एका अंगाला सरकली. एवढंच काम. पण ह्यांच्या बोलण्यात ते असं यायचं की कारखाना तिच्या जिवावर चालला होता. मी भाकरी थापली, की विनीताबाय असती तर ही भाकरी बाद करती, कडा सारखी नाही. मी पायरी सारवली, की विनीताबायच्या टेबलावर धुळीचा कण नसायचा. एकदा बाळंतिणीच्या खोलीत, प्रीतम चार दिवसांचा असताना, त्याच्या नाकाकडे बघून म्हणाले, “वायच एका अंगाक आसा.” तिचं नाव नाही घेतलं, पण मला ऐकू आलं.

मला तिचा हेवा वाटायचा. साधा नाही, पोटात कोकमाचं आगळ बिनपाण्याचं गेल्यासारखा. तिला मी कधी पाहिली नव्हती, म्हणून तर जास्त. पाहिलेल्या बाईत काहीतरी खोट काढता येते. दात पुढे असतात, आवाज घोगरा असतो. न पाहिलेली बाई आपली रोज नवीन साडी नेसून उभी. ह्यांच्या वागण्यावर मला संशय होता का, असं आमच्या सुभद्रामावशीने एकदा विचारलं होतं. नव्हता. संशय असता तर भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. हे नुसतं कौतुक होतं. कौतुकाशी भांडायचं कसं?

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले. मला वाटलं आता ती तरी सुटली. तर हे टेम्पो भरून जुनी मशीनं घेऊन आले. कुठल्यातरी बंद पडलेल्या युनिटमधली, एक खाचा पाडायचं आणि एक पेन्सिलींना आकार द्यायचं. मांगरातली गवताची रास बाहेर गेली आणि मशीनं आत आली. ज्याने आयुष्यभर पेन्सिली केल्या त्याने म्हातारपणी चिकू का लावावे, असं ह्यांचं म्हणणं. ते मला पटलंही. काम मला आवडलं, हेही सांगून टाकते.

पेन्सिल होते कशी, हे लिहिणाऱ्यांना माहीत नसतं. लाकडात भोक पाडून काडी घुसवत नाहीत. लाकडाच्या पातळ पट्टीला शेजारी शेजारी खाचा पाडायच्या, खाचांत काड्या ठेवायच्या, वरून गोंद लावलेली तशीच दुसरी पट्टी बसवायची आणि दाबून ठेवायची. सुकली की मशीनमधून काढायची, म्हणजे त्या एका जोडपट्टीतून पेन्सिली सुट्या होऊन पडतात. मग रंग. एका हाताने भागत नाही, हात चढवत जावे लागतात. लाकूड आमच्याच शिवणीच्या झाडांचं, काड्या बाहेरून तयार येतात. खाचा आणि आकार हे करायचे, काड्या मी भरायची, रंगाला सारिका यायची.

आणि जो कोणी बघायला येईल त्याला हे इतिहास सांगायचे. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, हे वाक्य मी आमच्या संसारात ‘जेवलंस काय’ यापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. विलायतेत कुठल्यातरी डोंगरात काळा दगड सापडला, तिथल्या धनगरांनी त्याने मेंढ्यांवर खुणा केल्या, लोकांना वाटलं हे शिसंच, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे लढाई लागली आणि फ्रान्समध्ये तो दगड मिळेना, तेव्हा तिथल्या एकाने त्याची भुकटी मातीत मळली आणि भाजून काड्या केल्या. माती जास्त तर काडी कडक आणि फिकट, माती कमी तर मऊ आणि काळी. हे सगळं सांगून झालं की हे थांबायचे आणि म्हणायचे, “पण विनीताबाय नुसती रेघ बघून सांगायची, माती किती ती.” विलायतेतून निघालेला इतिहास फ्रान्समार्गे शेवटी तिच्या टेबलावर यायचा.

आमच्याही मांगरात शेवटी एक टेबल होतं. त्यावर काच होती आणि पुढे खुर्ची होती. त्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. हे उभ्याउभ्या पेन्सिली तपासायचे, चष्मा लावून, आणि पुटपुटायचे. मी एकदा काड्या भरून झाल्यावर पाय दुखले म्हणून तिथे टेकले, तर म्हणाले, “थंय नको, ती तपासणाऱ्याची जागा.”

“मग मी तपासतंय,” मी म्हटलं.

“तां नजरेचा काम आसा गो.”

ज्या बाईने जन्मभर माडाच्या झावळांतून हीर काढून केरसुण्या बांधल्या, तिला सरळ आणि वाकडं कळत नाही असं ह्यांचं मत. मी उठले. पण त्या दिवसापासून मला ती खुर्ची हवी झाली. दागिना हवा असतो तशी हवी झाली. आणि ती ह्यांनी स्वतः ‘बस’ म्हणून द्यायला हवी, हेही मी मनात ठरवलं.

श्रावणात खारेपाटणच्या एका दुकानदाराची ऑर्डर आली. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, परत जाताना काजू, कोकम, आंबोशी नेतात; त्यांच्या पोरांसाठी गावात बनलेली पेन्सिल खपेल, असं त्याचं गणित. आमची पहिली ऑर्डर. आणि श्रावणात आमच्याकडे मीठसुद्धा रडतं, तिथे लाकडाचं काय. पट्ट्यांनी ओल धरली. दाबून जोडलेल्या सरळ दिसायच्या आणि सुट्या झाल्या की पेन्सिली केळीच्या पानासारख्या वळायच्या.

“कारखान्यात सुकवूची भट्टी होती,” हे म्हणाले.

“आमच्याकडे चूल आसा. माळ्यार घाला, चुलीच्या वर. बियाणा सुकतत तशी सुकतली.”

“ह्यो कारखानो आसा, भाताचा बियाणा न्हय.” आणि ह्यांनी मांगरात दोन पंखे लावले. ओल्या वाऱ्यात पंखे लावले की ओला वारा जोरात येतो, एवढंच होतं.

मी अर्ध्या पट्ट्या पदराखालून घरात नेल्या आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर पसरल्या. चूल दिवसभर पेटतीच असते, धग वर जाते. चार-पाच दिवसांत पट्ट्या सुकून वाजायला लागल्या, आणि परत मांगरात नेल्या तेव्हा ह्यांना कळलंच. पण माळ्यावर माझं बाकीचंही सामान असतं. सुके बांगडे, गोलमो म्हणजे बारकी सुकट, सोडे. मला त्या वासाची इतकी सवय की तो वास आहे हेच ध्यानात आलं नाही. पट्ट्यांनी ओल सोडली आणि बांगडा धरला.

हे माझ्या लक्षात आलं ते पेन्सिली तयार झाल्यावर, एक नाकाशी नेली तेव्हा. रंगाचे हात चढवले तरी टोक काढलं की वास येत होता. आणि नेमकं त्याच दिवशी ह्यांनी सांगितलं, “विनीताबायक बोलावलंय. परवा येतली. लॉट तीच बघतली.”

मी हातातलं काम तसंच ठेवून मागच्या दारी गेले आणि विहिरीवर उगाच दोन कळशा पाणी काढलं. ती येणार, माझ्या घरात, त्या खुर्चीवर बसणार आणि माझ्या पेन्सिलींचा वास घेणार. तोंड लपवायला धामापूरचं तळं जवळ होतं म्हणायचं.

विनीताबाई कुडाळला गाडीतून उतरली आणि रिक्षाने आली. मी दारात तांब्या घेऊन उभी. बुटकी बाई, केस पांढरे, पायात कापडी बूट, दात चांगले. मी पहिल्यांदा दातच बघितले. तिने पाय धुतले, खळ्यात नजर फिरवली आणि हाक मारली, “भिकाजी, किती वाळलास रे.”

मी नवऱ्याचं नाव तोवर कधी घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. इथे लिहितानाही ‘हे’ म्हणते, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. आणि ही बाई माझ्या खळ्यात उभी राहून ते नाव असं घेते, जसं काय पिशवीतून रुमाल काढला. आणि हे हसले.

चहा झाल्यावर ती मांगरात गेली. ह्यांनी खुर्ची पदराने पुसावी तशी आपल्या टॉवेलने पुसली. ती बसली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. सारिका काम सोडून आली.

आधी पंख्याखालच्या पेन्सिली घेतल्या. काचेवर लोटली, टकटक. दुसरी, टकटक. तिसरी काचेवरून खालीच उडाली. विनीताबाईने त्या बाजूला केल्या. हे कपाळ पुसायला लागले. मग माझ्या. पहिली लोटली, ती आवाज न करता पलीकडे जाऊन थांबली. दुसरीही तशीच गेली. तिने मूठभर घेऊन एकदम सोडल्या, सगळ्या गप गेल्या. मग तिने एकीचं टोक काढलं आणि तिचं नाक हललं. पुन्हा वास घेतला. मी चौकटीत नखं रुतवली.

“हे लाकूड कोणी सुकवलं?”

“हिणां,” हे घाईने म्हणाले. “मी सांगितलेलंय तिका, पण ऐकूक होया. माळ्यार घातल्यान, सुक्या बांगड्यात. वास येता मां?”

“येतो,” विनीताबाई म्हणाली. “पण वास जाईल रे. वाक गेला नसता. हे सरळ आहेत, काडी मधोमध आहे. हा माल पाठव, तो ठेव.”

आता तुम्ही सांगा, इथे नवऱ्याने काय म्हणावं? माझी नजर ह्यांच्या तोंडावर होती. आयुष्यात एकदा, सारिकेच्या देखत आणि त्या बाईच्या देखत, मला एक शब्द हवा होता. ह्यांनी माझी पेन्सिल उचलली, उजेडात धरली, आणि भरून आल्यासारखे म्हणाले, “बघलंस गो? विनीताबाय म्हणता म्हणजे बरोबरच आसतली. काय नजर आसा.”

सारिका हसली. मी तिथून निघाले ती मागच्या पडवीत येऊन बसले आणि विळीवर नारळ असा खवायला घेतला की करवंटीचाही कीस पडला असता.

थोड्या वेळाने विनीताबाई मागे आली आणि जमिनीवरच बसली. मी पाट दिला नाही.

“वहिनी, तुम्ही केरसुण्या बांधता ना? हिरांच्या?”

“बांधतंय. कित्याक?”

“एकही हीर वाकडा नसतो म्हणे. भिकाजी सांगायचा. आमची जानकी असती तर ही पट्टी हातात घेऊन सांगती, असं म्हणायचा. मी डब्यात मासे आणले की जानकीची सोलकढी. मी नवी साडी नेसले की जानकीला हिरवी साडी अशी दिसते. शेवटी मी कामावर मासे नेणं सोडलं. खोटं नाही सांगत, तुमचा मला इतका राग यायचा. म्हटलं, कोण ही बाई, हिचं सगळंच कसं सरळ?”

मी खवणं थांबवलं. “माझा नाव घ्यायचे?”

“रोज.”

“आणि तुमका? तोंडार कधी काय म्हणाले, बरा काम करतास म्हणून?”

“नाही. मला म्हणायचा, जरा जानकीसारखं शांतपणे बघा.”

मला हसू यायला हवं होतं. सारिकेला पुढे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. पण त्या वेळी माझ्या पोटात पुन्हा तेच आगळ पडलं. मी इथे चिखलात उभी राहून ज्या नवऱ्याच्या एका शब्दासाठी झुरत होते, तो नवरा तिकडे मुंबईत कुठल्यातरी जानकीचं रोज कौतुक करत होता. शांत होती म्हणे, हिरवी साडी नेसायची, हिचं सगळं सरळ. मी कधी शांत होते? मला त्या जानकीचा हेवा वाटला, विनीताबाईचा वाटला होता त्याहून जास्त. विनीताबाई निदान समोर बसली होती. ती दुसरी तर हाताला लागणारच नव्हती.

“ह्या माणसाक समोरची बाई दिसतच नाय,” मी म्हटलं.

“दिसत नाही,” विनीताबाई म्हणाली. “लांब गेली की मगच चष्मा चढवतो.”

मी उठून तिला पाट दिला. आणि रात्रीच्या जेवणाची तयारी करता करता ठरवून टाकलं.

ती आठवड्याने निघाली तेव्हा मीही पिशवी भरली. हे मशीनला तेल घालत होते.

“मी मुंबयक जातंय. विनीताबायकडे.”

“तू? कित्याक?”

“बघून येतंय, तुम्ही जन्मभर खंय होतास तां.”

“आणि पेन्सिली? दुकानदार आणखी मागता. पयल्यो गेल्यो सगळ्यो.” त्या खरोखर गेल्या होत्या. वासाबद्दल दुकानदाराची तक्रार एवढीच की त्याचं मांजर खोक्यावरून उठत नाही.

“माळो आसा, चूल आसा. लाकडा घाला आणि पेटवा.”

“आणि तपासतला कोण?”

खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. ‘तू तपास’ एवढं म्हटलं असतं तर मी पिशवी तिथेच खाली ठेवली असती. ह्यांनी विनीताबाईकडे बघितलं.

“गाऱ्हाणां घाला,” मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

विनीताबाईचं घर लहान आहे, तिसऱ्या मजल्यावर. ती एकटीच असते. तिच्या टेबलावरही काच आहे, सवय म्हणून ठेवली म्हणते. सकाळी चहा झाला की आम्ही दोघी ह्यांच्याबद्दल बोलायचो, जसं माहेरी आलेल्या बहिणी सासरबद्दल बोलतात. पण खरं सांगते, ती एखादी जुनी गोष्ट सांगायला लागली, पावसात कारखान्यात पाणी शिरलं आणि ह्यांनी सगळ्यांना चहा करून दिला वगैरे, की माझं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. मला कधी चहा करून दिला नाही. मी विषय बदलायची. तिलाही ते कळायचं. मी प्रीतमच्या बारशाचं काही बोलले की ती उठून भांडी घासायला लागायची. हेवा मेला नव्हता, नुसता दोघींत वाटून घेतला होता.

सारिकेचा रोज फोन यायचा. काकांनी चूल इतकी पेटवली की पट्ट्या तडकल्या. काकांनी चूल विझवली, पट्ट्या ओल्या राहिल्या. काका काड्या भरतात आणि म्हणतात, जानकी भरायची तेव्हा हलायच्या नाहीत. काका मला रंगावरून बोलले, म्हणाले जानकीचा हात बघ. “काकी, माका तुमचो राग येवक लागलो,” सारिका म्हणाली. मी फोन ठेवला आणि पंख्याखाली बसून राहिले. तिकडे माझंच कौतुक चाललं होतं आणि मी इथे. त्या जानकीने माझ्या घरात जाऊन बस्तान मांडलं होतं.

मग एका सकाळी सारिकेचा फोन आला, आणि आवाज हळू होता. “काकी, गप ऐका. महादूकाकांक बोलावलानी आसा. गाऱ्हाणां घालतत.”

मी फोन काचेवर ठेवला, आवाज मोठा केला. विनीताबाई हात पुसत आली. आधी नुसती खुडबुड, मग महादूचा खणखणीत आवाज.

“बा देवी भगवती, ह्या कारखान्यात लाकूड वाकडा जाता, काडी तुटता. काय चुकला आसात तां पदरात घे.”

“व्हय महाराजा.”

“आणि ह्या घरची जी लक्ष्मी, जानकी, तिच्या हाताक जो गुण आसा, तो ह्या भिकाजीच्या हाताक वायच तरी येवंदे.”

“व्हय महाराजा,” तिकडे सगळे म्हणाले. विनीताबाईही म्हणाली, सवयीने नव्हे, तिच्याकडे गाऱ्हाण्याची पद्धतच नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली. “आता तुम्ही म्हणा,” तिने मला कोपराने ढोसलं.

माझे ओठ पुन्हा मिटलेलेच. ज्या शब्दासाठी मी केस पांढरे केले तो शब्द गावभर ऐकवला, देवीला ऐकवला, आणि मला नाही. मी तिथे असते तर पुन्हा विनीताबाय आली असती त्या गाऱ्हाण्यात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

“सारिके,” मी फोनमध्ये म्हटलं, “तेंच्याकडे दी.”

खसखस झाली. ह्यांचा श्वास ऐकू आला. आणि मी, लग्नानंतर पहिल्यांदा, उखाण्याशिवाय हाक मारली.

“भिकाजी.”

मग हे अगदी अदबीने म्हणाले, “कोण, विनीताबाय?”

विनीताबाईने तोंडावर हात घेतला. मला मात्र आता राग आवरायचा नव्हता. “विनीताबाय हयसर माझ्या बाजूक बसली आसा. मी जानकी.”

“तू माझा नाव घेतलंस?”

“घेतलंय. आता तुम्ही माझा घ्या. महादूच्या तोंडान नको, देवीकडे नको. आता काय मागितलास तां माका सांगा, माझ्या कानात.”

“अगो, सगळी उभी आसत हयसर,” हे दबक्या आवाजात म्हणाले.

“म्हणान तर म्हणतंय.”

कोणीतरी खोकलं. मशीन बंद होतं, इतकं शांत की आमच्या मागच्या माडावरचा कावळा मला मुंबईत ऐकू आला. ह्यांनी घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला.

“जानकी,” हे म्हणाले. “तुझ्या हाताक गुण आसा गो. माझ्या नाय. तू ये आणि त्या खुर्चेर बस.”

आणि मांगरात हात जोडून उभी असलेली सगळी माणसं, गाऱ्हाणं अजून चाललंय असं समजून, एका आवाजात म्हणाली, “व्हय महाराजा.”

“व्हय महाराजा,” मीही म्हटलं, आणि फोन ठेवला.

विनीताबाई काचेवरचा फोन उचलून पुसत होती. पुसून झाला तरी पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्या तोंडावर मात्र कधी म्हणाला नाही हो तो.”

मला फार बरं वाटलं.